अमेरिकन नागरिकत्वाचा ‘पहिला कागद’ : एक संकल्पपत्र आणि त्याच्या धारकाची स्थिति

१

गेल्या वर्षीं एका स्नेह्यांनीं आपल्या पणजोबांच्या पेटींतील कांहीं जुने कागद मजकडे वाचावयास आणून दिले. त्यांत मोडी हिशेबाचे ताव, एक जन्मपत्रिका व पांचसात खाजगी पत्रें यांच्या तळाशीं घडी करून ठेवलेला एक छापील इंग्रजी कागद होता. त्याच्या पाठीवर घरांतील कोणीतरी पेन्सिलीनें ‘अमेरिकेच्या नागरिकत्वाची सनद’ असें लिहून ठेवलेलें होतें. आणि पणजोबा अमेरिकेचे नागरिक होऊन परत आले, अशी घराण्यांत दृढ समजूतहि होती. कागद नीट वाचून पाहतां ती सनद नव्हे असें दिसून आलें. नागरिक होण्याचा आपला इरादा आहे, एवढेंच त्यांत शपथेवर सांगितलेलें होतें. मंडळींच्या इच्छेस मान देऊन त्यांचें नांव येथें देत नाहीं.

गेल्या शतकाच्या आरंभीं विद्येसाठीं, उद्योगासाठीं अथवा राजकीय कारणानें अमेरिकेस गेलेल्या हिंदी गृहस्थांच्या घरीं असे कागद निघण्याचा संभव आहे. संग्राहकानें त्यांस सनद मानून नोंद केली, तर एका माणसाच्या चरित्रांत न घडलेली गोष्ट घातल्यासारखें होतें. आणि निरुपयोगी म्हणून टाकून दिले, तर त्याच्या आयुष्यांतील एक अवघड कालखंड कायमचा नाहींसा होतो. म्हणून या कागदाचा अर्थ काय, अर्ज निकालांत निघेपर्यंत अर्जदाराची कायदेशीर स्थिति काय असे, आणि त्या अवधींत तो अमेरिकेबाहेर राहिल्यास काय होई, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परकीयास नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा इ. स. १७९० चा. त्यांत दोन वर्षांचा वास पुरेसा होता. मात्र अर्जदार ‘स्वतंत्र गोरा मनुष्य’ असला पाहिजे अशी अट होती. १७९५ सालीं वासाची मुदत पांच वर्षें झाली आणि अंतिम अर्जापूर्वीं इरादा जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली. १७९८ सालीं ही मुदत चौदा वर्षें करण्यांत आली, व १८०२ सालीं ती पुन्हा पांचांवर आली. १८७० सालीं आफ्रिकन वंशाच्या लोकांस नागरिकत्वाचें द्वार उघडलें. परंतु गोरेपणाची जुनी अट इतरांपुरती तशीच राहिली.

आपल्याकडे सांपडणारे कागद बहुधा २९ जून १९०६ च्या कायद्यानंतरचे असावयाचे. या कायद्यानें सर्व न्यायालयांसाठीं एकच ठराविक नमुना घालून दिला. त्याप्रमाणें काम दोन टप्प्यांनीं चाले. प्रथम इरादा जाहीर करणारें पत्र. यास लोक ‘पहिला कागद’ म्हणत. त्यानंतर निदान दोन वर्षांनीं, परंतु सात वर्षांच्या आंत, विनंतिअर्ज. हा ‘दुसरा कागद’. विनंतिअर्जास दोन नागरिकांची साक्ष लागे, पांच वर्षांचा अखंड वास दाखवावा लागे, आणि अर्ज दाखल झाल्यावर नव्वद दिवसांच्या आंत अंतिम सुनावणी होत नसे. न्यायाधीशाचा हुकूम व निष्ठेची शपथ झाल्यावर जें प्रमाणपत्र मिळे, तेंच खरें नागरिकत्वपत्र.

पहिला कागद ओळखणें कठीण नाहीं. शीर्षस्थानीं ‘डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन’ हीं अक्षरें असतात. खालीं नांव, वय, धंदा, वर्ण, कांति, उंची, वजन, केसांचा व डोळ्यांचा रंग, जन्मस्थान, ज्या जहाजानें आला त्याचें नांव व उतरल्याचें बंदर हीं सर्व असतात. पुढें, ज्या राजाची निष्ठा सोडण्याचा इरादा आहे त्याचा निर्देश असतो. हिंदी माणसाच्या कागदांत तेथें इंग्लंडच्या राजाचें नांव यावयाचें, कारण कायद्याच्या दृष्टीनें तो त्याचाच प्रजाजन होता. चरित्रलेखकास उतरण्याचा दिवस, जहाज व त्या वेळचा धंदा हीं तीन कलमें दुसरीकडे क्वचितच एकत्र मिळतात.

धर्मकृत्यांतील उपमा द्यावयाची तर हें संकल्पपत्र होय. संकल्प सोडला म्हणजे पूजा झाली असें नव्हे. मात्र संकल्प सोडलेला मनुष्य उठून गेला, तर त्याला कांहींच झालें नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. आपण पाहात आहों त्या कागदाच्या धारकाची अवस्था थेट अशीच होती.

३

संकल्प केलेला मनुष्य परदेशीं असतां त्याचा धनी कोण, हा प्रश्न मोठ्या नाट्यानें उपस्थित झाला तो १८५३ सालीं. मार्टिन कोश्टा नांवाचा एक हंगेरियन गृहस्थ १८४८-४९ च्या हंगेरींतील उठावांत सामील होता. उठाव मोडल्यावर तो तुर्कस्तानांत पळाला व तेथून अमेरिकेस गेला. १८५२ च्या जुलैंत त्यानें आपला पहिला कागद केला, आणि पुढच्या वर्षीं कांहीं खाजगी कामासाठीं तो तुर्की अंमलाखालील स्मर्ना बंदरांत आला. तेथील अमेरिकन वकिलातीकडून त्यास प्रवासाचा परवानाहि मिळाला होता. जून महिन्यांत ऑस्ट्रियाच्या हस्तकांनीं त्यास पकडून समुद्रांत लोटलें आणि पाण्यांतून उचलून ऑस्ट्रियन युद्धनौकेवर बेड्या घालून ठेविलें. बंदरांत ‘सेंट लुई’ ही अमेरिकन युद्धनौका होती. तिचा कप्तान डंकन इंग्रहॅम यानें २ जुलै रोजीं तोफा सज्ज करून कैद्याची मागणी केली. अखेर कोश्टास फ्रेंच कॉन्सलच्या ताब्यांत द्यावें असें ठरलें, व पुढें तो सुटून अमेरिकेस परत गेला.

यावर ऑस्ट्रियानें तक्रार केली. तिला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम मार्सी यांनीं सप्टेंबरांत सविस्तर उत्तर दिलें. कोश्टा अमेरिकेचा नागरिक झाला आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, त्यानें अमेरिकेंत अधिवास केला आहे, तेथेंच राहण्याचा त्याचा उद्देश आहे, आणि अधिवासामुळें परक्या राष्ट्रांच्या दृष्टीनें त्यास अमेरिकन राष्ट्रीयत्वाचें रूप आलेलें आहे. शिवाय त्या वेळीं तो अमेरिकन संरक्षणाखालीं होता. म्हणजे कागद हा अधिवासाचा पुरावा, स्वतः हक्काचें मूळ नव्हे. हा विवेक ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, कारण पुढें अनेकांनीं ‘पहिला कागद खिशांत असला कीं अमेरिकेचें आरमार पाठीशीं आहे’ असा सोयीचा अर्थ काढला. कोश्टास पकडलें तें तिसऱ्याच राज्यांत, ऑस्ट्रियांत नव्हे, ही गोष्टहि विसरतां कामा नये.

४

दोन मार्च १९०७ च्या कायद्यानें ही संदिग्ध स्थिति कांहीं अंशीं नियमबद्ध केली. इरादा जाहीर केलेला व तीन वर्षें अमेरिकेंत राहिलेला परकीय बाहेर जाऊं इच्छील, तर त्यास पासपोर्ट देतां येईल. तो सहा महिनेच चालेल, वाढवून मिळणार नाहीं. आणि पूर्वीं ज्या देशाचा तो प्रजाजन होता, त्या देशांत या पासपोर्टामुळें त्यास अमेरिकेचें संरक्षण मिळणार नाहीं. ही तरतूद १९२० सालीं रद्द झाली.

शेवटची अट हिंदी माणसास कशी लागू पडे पाहा. जपानांत अथवा फ्रान्सांत अशा पासपोर्टाचा त्यास आधार होता. परंतु मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवतांच तो पुन्हा केवळ ब्रिटिश प्रजाजन ठरे. आणि राजकीय कारणानें देश सोडून गेलेल्यास भय होतें तें नेमकें याच धक्क्याचें.

दुसरी अडचण वासाच्या अखंडतेची. १८१३ च्या कायद्यानें तर अर्जदारानें पांच वर्षांत एकदांहि देशाबाहेर जातां कामा नये असें म्हटलें होतें. तें कलम १८४८ सालीं काढून टाकण्यांत आलें. त्यानंतर किती काळ बाहेर राहिल्यास वास खंडित समजावा, हें ठरविणें न्यायाधीशांच्या विवेकावर राहिलें. २ मार्च १९२९ च्या कायद्यानें यास माप घालून दिलें. सहा महिन्यांहून अधिक व वर्षाहून कमी गैरहजेरी असेल, तर वास खंडित झाला असें गृहीत धरावें, परंतु अर्जदारास तें खोडून काढण्याची मुभा असावी. सबंध वर्ष बाहेर राहिल्यास मात्र तो खंडित झालाच.

तिसरी अडचण सर्वांत कठोर होती. १९१७ च्या परदेशीयप्रवेशाच्या कायद्यानें आशियाच्या ज्या पट्ट्यांतील लोकांस प्रवेशाची बंदी केली, त्यांत हिंदुस्थान होता. विद्यार्थी, प्रवासी व कांहीं व्यवसायांचे लोक यांस तेवढी सवलत होती. १९२४ च्या कायद्यानें नागरिकत्वास अपात्र अशा परकीयांस स्थायिक होण्यासाठीं येण्याचा मार्गच बंद केला. तेव्हां आजारी आईस भेटावयास गेलेला मजूर अथवा शेतकरी परत येऊं शकेल याची शाश्वति उरली नाहीं. त्या काळच्या पत्रांतून ‘यंदा येणें होत नाहीं’ असें वाक्य वर्षानुवर्षें आढळलें, तर तें नेहमींच अनास्थेचें लक्षण समजूं नये.

५

आतां मूळ प्रश्न. हिंदी मनुष्य या कायद्याप्रमाणें नागरिक होऊं शकत होता काय? १९०७ सालीं अमेरिकेचे ॲटर्नी-जनरल चार्ल्स बोनापार्ट यांनीं, ब्रिटिश हिंदुस्थानांतील लोक ‘गोरे’ या सदरांत येत नाहींत, असें मत दिलें. तरी निरनिराळ्या न्यायालयांतून निरनिराळे निकाल होतच राहिले. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांस न्यूयॉर्क येथें १९०९ सालीं नागरिकत्व मिळालें व १९१० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तें कायम केलें. गंमत अशी कीं, याच वरिष्ठ न्यायालयानें १९३९ सालीं मुंबईच्याच दुसऱ्या एका पारशी गृहस्थाचा, रुस्तम दादाभाई वाडिया यांचा, अर्ज नामंजूर केला. १९१३ सालीं वॉशिंग्टन संस्थानांत अक्षयकुमार मजुमदार यांस तें मिळालें, तें उच्चवर्णीय हिंदु हा कॉकेशियन होय, म्हणून गोरा होय, या युक्तिवादावर.

या युक्तिवादाची अंतिम परीक्षा भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणांत झाली. अमृतसर जिल्ह्यांत जन्मलेले हे शीख गृहस्थ १९१३ सालीं अमेरिकेस गेले, व १९१८ सालीं पहिल्या महायुद्धांत तेथील सैन्यांत दाखल झाले. त्याच वर्षीं डिसेंबरांत सैन्याच्या गणवेशांत त्यांनीं नागरिकत्व घेतलें. तें चार दिवसांत काढून घेण्यांत आलें. १९२० सालीं ओरेगॉनच्या न्यायालयानें तें पुन्हा दिलें. सरकारनें तें रद्द करून मागितलें, व प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायमूर्ति जॉर्ज सदरलँड यांनीं एकमतानें निकाल दिला कीं, कायद्यांतील ‘गोरा’ हा शब्द शास्त्रज्ञांचा नसून सामान्य माणसाच्या बोलण्यांतला आहे, आणि त्या अर्थानें हिंदु गोरा नव्हे. तीनच महिन्यांपूर्वीं जपानी अर्जदार ओझावा यांचा अर्ज फेटाळतांना याच न्यायमूर्तींनीं ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असें म्हटलें होतें. हे न्यायमूर्ति स्वतः इंग्लंडांत जन्मून बालपणीं अमेरिकेस आलेले होते, हेंहि नमूद करावयास हरकत नाहीं.

या निकालानंतर सरकारनें पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वेंहि रद्द करण्याचा सपाटा चालविला. थिंड यांच्या बाजूनें उभे राहिलेल्या वकिलांपैकीं मुंबई इलाख्यांतून गेलेले सखाराम गणेश पंडित हे एक होते. त्यांस १९१४ सालीं लॉस एंजलिस येथें नागरिकत्व मिळालें होतें व त्या बळावर ते वकिली करीत होते. सरकारनें त्यांच्यावरहि दावा लावला. पंडित यांनीं ‘मी गोरा आहें’ हा वाद बाजूस ठेवून निराळा मार्ग धरला. नागरिकत्वाच्या भरंवशावर आपण जन्मभूमींतील संबंध सोडले, धंदा उभारला, विवाह केला. तें आज काढून घेतल्यास धंदा जाईल आणि पत्नीचेंहि नागरिकत्व जाईल, हें त्यांनीं दाखविलें. शिवाय १९१४ सालीं हा प्रश्न चर्चिला जाऊनच निकाल झाला होता व सरकारनें अपील केलें नव्हतें. निकाल लागलेला प्रश्न पुन्हा उकरतां येत नाहीं. नवव्या मंडळाच्या अपील-न्यायालयानें १९२६ सालीं पंडित यांस अनुकूल निर्णय दिला, व १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकून घेण्याचें नाकारलें. त्यानंतर ही मोहीम थंडावली.

सर्वांनाच हें फळ मिळालें नाहीं. पेशावरचे वैष्णवदास बगाई १९१५ सालीं पत्नी व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस आले होते, व १९२१ सालीं नागरिक झाले होते. त्यांचें नागरिकत्व गेलें आणि त्याबरोबर मालमत्ता ठेवण्याचा अधिकारहि गेला, कारण कॅलिफोर्नियाचा जमीनविषयक कायदा अपात्र परकीयांस तो देत नव्हता. स्वदेशीं जावयाचें तर ब्रिटिश पासपोर्टावर जा, असें त्यांस सांगण्यांत आलें. ज्या राजाची निष्ठा शपथपूर्वक सोडली, त्याचाच कागद पुन्हा हातीं घेणें त्यांस मान्य झालें नाहीं. १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली व आपली कैफियत पत्ररूपानें मागें ठेविली.

६

येथें एका शब्दाचा विचार केल्यावांचून राहवत नाहीं. या खटल्यांतून ‘आर्य’ हा आपला शब्द वारंवार आला आहे. संस्कृत वाङ्मयांत त्याचा व्यवहार कसा आहे? अमरकोशांत तो कुलीन, सभ्य, सज्जन यांच्या पंक्तींत बसविलेला आहे. नाटकांतून पत्नी पतीस आर्यपुत्र म्हणते. आर्यावर्त हें भूमीचें नांव आहे. शील, कुल व देश यांचा निर्देश करणारा हा शब्द गेल्या दोन शतकांत युरोपांत प्रथम भाषाकुलाचें नांव झाला, आणि मग पुष्कळांच्या हातीं रक्ताचें व कातडीचें नांव झाला. हा दुसरा अर्थ चुकीचा आहे असें खुद्द माक्स म्युलर यांनीं १८८८ सालीं निक्षून सांगितलें होतें. ‘कॉकेशियन’ हा शब्द तर ब्लूमेनबाख या जर्मन पंडितानें अठराव्या शतकाच्या अखेरीस कवट्यांच्या वर्गीकरणासाठीं रूढ केलेला. त्याचा आपल्या परंपरेशीं कांहीं संबंध नाहीं.

थिंड यांच्या निकालांत, आर्य हा शब्द भाषेचा आहे, शरीराचा नव्हे, असें जें म्हटलें आहे तें शब्दशास्त्रदृष्ट्या बरोबरच आहे. खेद एवढाच कीं, बरोबर व्युत्पत्तीचा उपयोग अन्याय्य अट जिवंत ठेवण्याकडे झाला. आणि आपल्या लोकांनींहि उच्च जातीचा आधार घेऊन दार ठोठावलें, हें झांकून ठेवण्याजोगें नाहीं. दार सर्वांस उघडें असावें असें न म्हणतां ‘आम्ही आंतल्यांपैकीं आहों’ असें म्हणण्यांत त्यांची शक्ति खर्च झाली. पंडित यांचा विजय झाला तो वंशाच्या आधारावर नव्हे, दिलेला शब्द राजसत्तेनें मोडूं नये या तत्त्वावर झाला.

७

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९३५ सालीं महायुद्धांतील सैनिकांपुरता अपवाद करण्यांत आला, व थिंड १९३६ सालीं तिसऱ्यांदा, आणि कायमचे, नागरिक झाले. २ जुलै १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस नागरिकत्वाचा अधिकार व वर्षास शंभर जणांचा प्रवेश मिळाला. १९२० सालीं विद्यार्थी म्हणून गेलेले दलीपसिंग सौंद यांस नागरिक होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. १९५६ सालीं ते तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १९५२ च्या कायद्यानें वंशाची अट साफ काढून टाकली आणि पहिल्या कागदाची सक्तीहि संपली.

वासाचा नियम मात्र अद्याप चालू आहे. आजहि सामान्य अर्जदारास पांच वर्षांचा अखंड वास, त्यापैकीं निदान तीस महिने प्रत्यक्ष उपस्थिति, आणि अर्ज दिल्यापासून शपथ होईपर्यंतहि वास चालू ठेवणें आवश्यक असतें. सहा महिन्यांचें व वर्षाचें तें जुनें माप कायम आहे. शपथ होईपर्यंत तो भारतीयच असतो व भारतीय पासपोर्टावर प्रवास करतो. शपथ होतांच १९५५ च्या आपल्या नागरिकत्व-कायद्यानें त्याचें भारतीयत्व संपतें. मधला काळ आज पूर्वीइतका निराधार नाहीं, पण तो मधलाच आहे.

आतां संग्राहकांस चार सूचना. असा कागद मिळाल्यास प्रथम शीर्षक पाहून तो संकल्पपत्र, विनंतिअर्ज अथवा प्रमाणपत्र यांपैकीं कोणता हें ठरवावें. दुसरें, त्यावरील तारखेस सात वर्षें मिळवावीं. त्या मुदतींत दुसरा कागद नसेल, तर संकल्प तेथेंच संपला असें समजावें. तिसरें, प्रमाणपत्र असलें तरी तें १९२३ पूर्वींचें असल्यास पुढें रद्द झालें काय याचा शोध करावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांत न्यायालयांचे असे कागद पुष्कळ जतन झालेले आहेत. चौथें, सोबतचीं खाजगी पत्रें वेगळीं काढूं नयेत, कारण कायद्यानें जें विचारलें नाहीं तें त्यांतच असतें.

माझ्या स्नेह्यांच्या पेटींतील कागदास हीं मापें लावून पाहिलीं. सात वर्षें उलटलीं होतीं, आणि दुसरा कागद नव्हता. घरच्या मंडळींस प्रथम वाईट वाटलें. पणजोबांची एक पदवी गेल्यासारखें त्यांस झालें. मग त्यांतील वडील बाईंनीं सोबतचीं पत्रें पुन्हा एकदां वाचून घेतलीं, आणि त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आईच्या अंत्यसमयास हा मुलगा आला नाहीं, हा जो बोल घराण्यांत तीन पिढ्या चालत आला, त्याचें उत्तर याच काळांत असावें. पेन्सिलीची ती ओळ आम्हीं खोडली नाहीं. तीहि आतां त्या कागदाच्या इतिहासाचा भाग आहे. तिच्या खालीं, आजची तारीख घालून, ‘हें संकल्पपत्र, पुढील विधि झाला नाहीं’ एवढेंच लिहिलें आहे.